आले किती, राहिले किती

अहो वैनी, कढीपत्ता तोडून झाला असला तर जरा या कडेला या. एक गंमत सांगायचीय, आणि आमच्या घरात कुणाला ऐकायला वेळ नाही.

आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा इटलीत शिकतो ना, बारीला? हो, तोच, पतंगापायी तुमच्या गच्चीवर चढून पाय मोडून घेतलेला. तर हे चिरंजीव सुट्टीत कुठे गेले, ओळखा. अल्बेनियाला! मी म्हटलं, बाबा रे, रोम सोडून तिकडे काय पुरलंय तुझं? तर म्हणतो, काकू, बारीला रात्री बोटीत बसायचं आणि सकाळी दुर्रेसला उतरायचं, खर्चाला परवडतं. निदान खरं बोलतो, एवढं बरं.

रविवारी तिराना शहरात तो उपासनेला गेला आणि मला फोनवर सगळं दाखवलं. चर्च म्हणजे घंटा नाही, मनोरा नाही. इमारतीच्या तळमजल्यावरचा एक हॉल, वर दातांचा दवाखाना. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक गिटार, कोपऱ्यात लहान पोरांची चित्रकला चाललेली. पाळक पन्नाशीला आलेला, तिथलाच. त्याने साक्ष दिली. आमच्यात साक्ष म्हणतात हो, आपण विश्वासात कसे आलो ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. तर याची आजी बेक्ताशी, म्हणजे सूफी पंथातली. वडील कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते, देवाचं नाव काढलं तर अंगावर येणारे. आणि हा पठ्ठ्या शाळेत असताना फुकटच्या इंग्रजीच्या वर्गाला म्हणून गेला तो पाळक होऊनच बाहेर आला. उपासना सुटल्यावर सगळी मंडळी कॉफीला, एवढ्याशा कपावर तासभर! आपल्याकडे असं कुणी बसलं तर हॉटेलवाला फडकं मारायला येतो.

तुम्ही म्हणाल, युरोपातला देश, तिथे चर्चला काय तोटा? तिथेच तर माणूस फसतो. अहो, जगात स्वतःला पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं ते याच देशाने. एन्व्हर होजा नावाचा त्यांचा हुकूमशहा. रशियाशी भांडला, मग चीनशी भांडला, शेवटी भांडायला कुणी उरलं नाही म्हणून देवाशी... नाही नाही, चुकले, देवाशी चीनच्या आधी भांडला. १९६७ साली सगळी प्रार्थनास्थळं बंद केली. मशिदी, चर्च, मठ, दर्गे, सगळं मिळून २१६९. श्कोडर शहरातल्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये तर खेळाचं सभागृह केलं. १९७६ च्या घटनेत लिहूनच टाकलं की हे राज्य कुठलाही धर्म मानत नाही, आणि पुढच्या फौजदारी कायद्यात धार्मिक प्रचाराला, धर्माचं पुस्तक जवळ ठेवायला, तीन ते दहा वर्षांची शिक्षा. एका कॅथलिक धर्मगुरूला तर लहान बाळाला बाप्तिस्मा दिला म्हणून गोळ्या घातल्या.

आणि पाळत कशी ठेवायचे ऐका. रमझान आला, ईस्टरच्या आधीचा लेंट आला, की शाळेत आणि कारखान्यात मुद्दाम मटण नाहीतर दूधदुभतं वाटायचं. ज्याने नाही म्हटलं तो सापडला! आता सांगा, उपास करणाऱ्या माणसाने ताटासमोर काय करावं? आमच्या सासूबाई असत्या तर पोट बिघडलंय म्हणून सुटल्या असत्या, त्या त्यात तरबेज होत्या. पोरांची नावंसुद्धा सरकारला खुपायची. धार्मिक नावं बदला म्हणून फर्मान निघालं, १९७५ साली. त्या राजवटीत एक नवीनच नाव निघालं, मारेंगलेन. मार्क्स, एंगल्स, लेनिन, तिघं एकाच पाळण्यात! हसू नका, अशी नावं लावणारी माणसं आज तिथे साठीकडे झुकलीत.

आपल्या मदर तेरेसा त्याच लोकांच्या की. जन्म स्कोप्येचा, १९१० चा, पण घर अल्बेनियन. त्यांची आई आणि बहीण तिरानात अडकलेल्या. आईची भेट व्हावी म्हणून खूप खटपट झाली, पण सरकारने ना मदरना आत येऊ दिलं ना आईला बाहेर जाऊ दिलं. १९७२ साली आई गेली ती भेटीवाचून. पुढे १९८९ साली मदरना परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी होजाच्या कबरीवरही फुलं वाहिली आणि जगाने त्याबद्दल नावं ठेवली ती ठेवलीच. आज तिरानाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. सरकारं बदलली की पाट्या बदलतात, दुसरं काय.

बरं, मूळ मुद्दा राहिला. १९९० च्या नोव्हेंबरात श्कोडरच्या कबरस्तानात उघड मिस्सा झाली, त्याच महिन्यात तिथली मशीदही उघडली. डिसेंबरात विद्यार्थी रस्त्यावर. फेब्रुवारी ९१ मध्ये तिरानाच्या चौकातला होजाचा पुतळा लोकांनी दोर लावून पाडला. आणि दार किलकिलं झाल्याबरोबर मिशनरी आले. किती आले म्हणून विचारता? अमेरिकेतून, इंग्लंडहून, जर्मनीहून, स्वित्झर्लंडहून, पुढे ब्राझील नि कोरियातूनसुद्धा! इव्हँजेलिकल म्हणतात त्यांना, म्हणजे आमच्या प्रोटेस्टंटांतले घरोघरी शुभवर्तमान सांगणारे, नव्या जन्मावर भर देणारे. ९१ च्या उन्हाळ्यातच तिरानाच्या स्टेडियमवर त्यांच्या सभा झाल्या. गावोगाव पडदा लावून येशूचा चित्रपट दाखवला. तो आपल्याकडेही मराठीत आलाय, खेड्यापाड्यांत दाखवायचे.

पण मला सगळ्यांत मजा कशाची वाटली सांगू? रेडिओची. होजाने चीनच्या मदतीने मोठमोठे ट्रान्समीटर उभारले होते, साऱ्या जगाला आपली लाल वाणी ऐकवायला. राजवट गेली, ते धूळ खात पडले. मग ट्रान्स वर्ल्ड रेडिओ नावाच्या ख्रिस्ती संस्थेने त्यांच्यावरची वेळ भाड्याने घेतली आणि तिथूनच शुभवर्तमान सुरू! होजाने ऐकलं असतं तर कबरीत कूस बदलली असती.

काय म्हणता? गरिबाच्या पोटाला हात घालून धर्म वाढवतात? अहो वैनी, एवढ्या वर्षांची ओळख आपली, तुम्ही ते बोलणार हे मला ठाऊक होतं, आणि मी रागावतही नाही. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. 'भाकरीसाठी बाटला' हे शब्द आमच्या घराला तीन पिढ्या चिकटले होते, तेव्हा मला शिकवायला नको. त्या वेळी अल्बेनियाची दशा भयंकरच होती. दुकानात पाव नाही. ऑगस्ट ९१ मध्ये तर व्लोरा नावाच्या एकाच जहाजावर वीसेक हजार माणसं चढली, डोलकाठ्यांनासुद्धा लटकलेली, आणि जहाज गेलं कुठे? बारीला! आमच्या पोराच्याच गावात. बहुतेकांना इटलीने परत पाठवलं. अशा वेळी कुणी तांदूळ, ब्लँकेट आणि बायबल एकाच गाडीतून आणलं तर घेणारा कशासाठी आला हे त्याला स्वतःला तरी सांगता येईल का?

त्या पाळकानेच आमच्या मुलाला सांगितलं. म्हणाला, पहिल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे खुर्च्या पुरायच्या नाहीत. कुणाला इंग्रजी हवं, कुणाला व्हिसा हवा, कुणाला नुसतंच गोरा माणूस जवळून बघायचाय, कारण आयुष्यात परदेशी पाहिलेला नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवसांचे पाहुणे यायचे. चौकात नाटुकली करायची, 'ज्यांना येशू हवा त्यांनी हात वर करा' म्हणायचं, हात मोजायचे, फोटो काढायचे, की चालले घरी अहवाल द्यायला. आणि तिथली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत हो. पाहुण्याचा मान म्हणजे त्यांच्यात प्राणापलीकडे. दर उन्हाळ्यात त्याच पोरांनी पुन्हा हात वर केले असणार!

चांगलंही सांगते, एकच बाजू नको. इतक्या संस्था आल्यावर एकमेकींच्या पायांत पाय अडकायला लागले. मग त्यांनी शहाणपणाने एक सामाईक मंडळ केलं, अल्बेनियन एन्करेजमेंट प्रोजेक्ट म्हणून, की एकाच गावात दहा जण आणि शेजारच्या डोंगरात कुणीच नाही असं नको. दवाखाने चालवले, शाळा काढल्या. आपल्या इथे गणपतीची दोन मंडळं एका मांडवात येत नाहीत, म्हणून कौतुक.

आणि पाहुणे काय एकटे ख्रिस्ती होते? अरबी संस्थांनी मशिदी बांधल्या. तुर्कस्तानच्या पैशातून तिरानात प्रचंड मशीद झाली, २०२४ मध्ये उद्घाटन. ऑर्थोडॉक्स चर्चची तर वेगळीच कथा. नेमायला एक बिशप देशात जिवंत राहिलेला नाही! मग ग्रीसहून अनास्तासिओस आले. हे गृहस्थ आधी पूर्व आफ्रिकेत मिशनरी. ग्रीक माणूस आमच्या चर्चचा प्रमुख कशाला म्हणून केवढा आरडाओरडा झाला. ते १९९२ साली आर्चबिशप झाले आणि २०२५ च्या जानेवारीत वारले तोवर त्याच पदावर राहिले. पडकी चर्चं उभी केली, स्थानिक पोरांना शिकवून धर्मगुरू केलं. बोलणारे हळूहळू गप्प झाले.

आता मी ज्यासाठी तुम्हाला थांबवलं ते. ९१ साली आलेल्या पुष्कळांना वाटलं, ही पाटी कोरी, आपण पहिली अक्षरं गिरवणार. पण पाटी कोरी कुठली! त्यांच्या आधी शंभर वर्षं तिथे गेरासिम किरियाझी नावाचा तिथल्याच मातीतला उपदेशक होऊन गेला. बितोलाचा, १८५८ चा जन्म. बल्गेरियात सामोकोव्हला अमेरिकन बोर्डाच्या शाळेत शिकला. अमेरिकन बोर्ड म्हणजे कोणतं, लक्षात आलं का? ज्यांचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि ज्यांनी आमचं नगरचं अमेरिकन मराठी मिशन काढलं, तेच! नगरला सिंथिया फॅरारबाईंच्या शाळेत आपल्या सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, त्याच बोर्डाची ही दुसरी फांदी. मला हे कळलं त्या दिवशी मी आमच्या ह्यांना जेवता जेवता तीनदा सांगितलं.

तर हा किरियाझी. १८८४ मध्ये दरोडेखोरांनी पळवला, सहा महिने डोंगरात डांबून ठेवला. सुटून आला, तब्येतीची वाताहत झालेली, तरी १८९१ साली कोर्चा गावात बहीण सेवास्तीला घेऊन मुलींची शाळा काढली. अल्बेनियन भाषेतली! तुर्कांच्या राज्यात त्या भाषेत शिकवणं म्हणजे सरकारला खुपणारी गोष्ट, शिवाय मुली, शिवाय प्रोटेस्टंट. तिन्ही बाजूंनी मार. सरकार विरोधात, ग्रीक धर्माधिकारी विरोधात. १८९४ मध्ये तो गेला, पस्तिशीत. पण बहिणींनी शाळा सोडली नाही. धाकटी पाराशकेवी १९०८ मध्ये मोनास्तिरच्या परिषदेत होती, जिथे अल्बेनियन भाषेची लिपी ठरली. १९१९ ला पॅरिसच्या शांतता परिषदेत देशाची बाजू मांडायला गेली. आणि दैव बघा, ही बाई जगली १९७० पर्यंत. म्हणजे सगळी देवळं बंद झालेली तिने डोळ्यांनी पाहिली. शाळा काढली म्हणून देशाने तिला मानलं, पण ज्या श्रद्धेपायी शाळा काढली तिचा उच्चार करायची सोय राहिली नाही. ९१ साली मिशनरी कोर्चाला पोचले तेव्हा किरियाझीच्या त्या जुन्या मंडळीतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी म्हातारी माणसं शिल्लक होती. एवढी वर्षं मनातल्या मनात प्रार्थना करणारी. मग सांगा, पहिले कोण?

थांबा, अजून संपलं नाही. दूध उतू जाणार नाही, गॅस बारीक आहे माझा.

९७ साल आलं. तोवर सगळ्या देशाला एक वेड लागलेलं. पैसे ठेवा, काही महिन्यांत दुप्पट घ्या! आपल्याकडच्या साखळी योजना असतात ना, त्याच, फक्त सरकार डोळे मिटून बसलेलं. लोकांनी घरं विकली, गुरं विकली. जानेवारीत कंपन्या बुडाल्या. मार्चपर्यंत लोकांनी लष्कराची कोठारं फोडून बंदुका घरी नेल्या. पोलीस नाही, सैन्य नाही. सुमारे दोन हजार माणसं मेली. परदेशी वकिलातींनी आपापल्या नागरिकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. त्यात मिशनरीही गेले, बहुतेक सगळे. त्यांना दोष देत नाही मी. लेकरंबाळं घेऊन आलेली माणसं, थांबा म्हणणं सोपं आहे का?

पण त्या पाळकाने काय सांगितलं ऐका. म्हणाला, तेव्हा मी विशीतला, गिटार वाजवणारा. आमच्या मंडळीच्या अमेरिकन पाळकाने जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या. बाहेर गोळीबार. पुढच्या रविवारी मी दार उघडलं. ज्यांना व्हिसा हवा होता ते आले नाहीत, ज्यांना इंग्रजी हवं होतं ते आले नाहीत. थोडीच माणसं आली. मला उपदेश करता येत नव्हता, मी बायबलातलं एक स्तोत्र वाचलं आणि रडलो. तो आमच्या मुलाला म्हणाला, आमची मंडळी खऱ्या अर्थाने त्या रविवारी सुरू झाली.

मग दोनच वर्षांनी, ९९ मध्ये, कोसोव्होतून निर्वासितांचा लोंढा. साडेचार लाखांच्या घरात माणसं, तीसेक लाखांच्या देशात! पुष्कळ अल्बेनियन लोकांनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, जात-धर्म न विचारता. आलेले बहुतेक मुसलमान. ह्या टीचभर इव्हँजेलिकल मंडळ्यांनी हॉलमध्ये गाद्या घातल्या, स्वयंपाक केला. आता पुढे उभी होती ती स्थानिक पोरं, गोरे पाहुणे मागे मदतीला. लोकांनी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं, अरे, ही तर आपलीच माणसं.

श्कोडरकडची एक गोष्ट सांगते आणि सोडते तुम्हाला. तिकडे डोंगरात खुनाला खून असा जुना रिवाज आहे, कानून म्हणतात. कुणी कुणाला मारलं की मारेकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही पुरुषावर सूड उगवायचा. घरात लपलात तर जीव वाचतो, म्हणून बाप्ये वर्षानुवर्षं घरात कोंडून बसतात, पोरांच्या शाळा सुटतात. होजाच्या राज्यात हे दबून होतं, ते गेल्यावर उसळलं. तिथल्याच एका इव्हँजेलिकल पाळकाच्या काकाने खून केला होता. हा बिचारा निरपराध, पण सुडाच्या यादीत आला. घरात बसून राहता आलं असतं. पण त्याला आपल्या लोकांत जायचं होतं. २०१० साली भर शहरात गोळ्या घातल्या त्याला. मागे बायको आणि दोन लहान मुलं. तिला देश सोडता आला असता. तिने सुडाची भाषा केली नाही, गावही सोडलं नाही. अशा कोंडलेल्या घरांतल्या बायकापोरांसाठीच काम सुरू केलं. क्षमा करा असं व्यासपीठावरून सांगणारे आम्ही खूप ऐकलेत वैनी. तिने सांगितलेलं ऐकताना मात्र समोरच्याला घसा खाकरायची हिंमत होत नसेल.

आकडे हवेत? घ्या. २०११ च्या जनगणनेत तिथे स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणारे ०.१४ टक्के, चार हजारांच्याही आत. त्याच सुमारास सरकारने त्यांच्या संघटनेशी रीतसर करार केला. सुन्नी, बेक्ताशी, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक या चौघांच्या पंगतीत पाचवं पान मांडलं गेलं. २०२३ च्या जनगणनेत ते ०.४ टक्क्यांवर आले. तीस वर्षांत एवढे मिशनरी, एवढा पैसा, आणि पदरात ०.४! 'देश बाटवून टाकला' म्हणणाऱ्यांनीही हा आकडा वाचावा आणि 'देश जिंकला' म्हणून अहवाल धाडणाऱ्यांनीही. आणि आणखी एक दुखणं आहे. १९८९ मध्ये लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास होती, २०२३ मध्ये चोवीस लाख भरली. तरुण मुलं जर्मनीला, इटलीला. पाळक म्हणाला, पोरगा तयार केला, वाद्य शिकवलं, वचन शिकवलं, लग्न लावून दिलं, की निघाला जर्मनीला. आता आमचीच माणसं तिकडे मंडळ्या काढतायत. हे ऐकून मला आमच्या नगरच्या गावातलं चर्च आठवलं, तिथली अर्धी बाकं पुण्या-मुंबईने नेली.

मग माझं मत काय म्हणता? चांगलं केलं की वाईट? अहो, मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, एका वाक्यात उत्तर लिहा हा प्रश्न मला कधीच आवडला नाही. कुणाला कुणी काही सांगूच नये असं मी म्हणणार नाही. होजाने तेच केलं होतं, आणि त्याचे भोग बघितलेच आपण. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं, नाही ऐकायचं त्याने कॉफी पिऊन घरी जावं. पण उद्या कुणी मिशनरी इथे येऊन माझ्यापुढे अल्बेनियाच्या बढाया मारायला लागला ना, तर मी हात किती वर झाले ते विचारणार नाही. मी विचारीन, ९७ च्या मार्चात किल्ल्या कुणाच्या हातात दिल्यात, त्याचं नाव सांगा. नाव चटकन सांगता आलं तर चहा ठेवीन.